टाकी भरत नाही, ती भरलेलीच असते

घरामागच्या सेप्टिक टँकविषयी कुणाला विचारा, उत्तर बहुधा ठरलेले असते: "अजून भरली नाही. भरली की उपसून घेऊ." ऐकायला हे समंजस वाटते. पाण्याची टाकी रिकामी झाली की भरायची आणि मैल्याची टाकी भरली की रिकामी करायची, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. पण हा हिशेब मुळातच चुकलेला आहे. सेप्टिक टँक वापरात आली की थोड्याच काळात बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि मग कायम तेवढीच भरलेली राहते. इकडून एक बादली आत पडली की तिकडून एक बादली बाहेर पडते. रोज, वर्षानुवर्षे. म्हणजे ती भरण्याची वाट पाहणे हे विहिरीला तळ कधी येतो याची वाट पाहण्यासारखे आहे; तो पहिल्यापासून आहेच. मग "टाकी भरली" असे ज्या दिवशी आपण म्हणतो त्या दिवशी नेमके काय झालेले असते? संडासातले पाणी मागे येत असते, शोषखड्ड्याभोवतीची जमीन भिजून वास मारत असते, चेंबरच्या झाकणाखालून काळे पाणी वाहत असते. टाकी निकामी होऊन तोवर बराच काळ लोटलेला असतो, आपल्याला त्याचा पत्ता आत्ता लागतो एवढेच. म्हणून या लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल: सेप्टिक टँक तक्रार आल्यावर उपसायची नसते, तारखेला उपसायची असते.

हे पटायचे तर टाकीच्या आत काय चालते ते नीट पाहावे लागेल. रात्री उरलेली आमटी पातेल्यात तशीच राहिली, की सकाळी डाळ तळाशी बसलेली दिसते, तेलाचा तवंग वर आलेला असतो आणि मधे पातळ पाणी असते. सेप्टिक टँकमध्ये घडते ते एवढेच. जड मैला तळाशी बसून त्याचा गाळ होतो, तेलकट आणि हलका भाग वर येऊन त्याची जाड साय धरते आणि मधल्या थरातले त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे सरकते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा जोड लावतात तो याचसाठी. येणारे पाणी सायीवर न आदळता खाली उतरावे आणि जाणारे पाणी ना सायीतून, ना गाळातून, तर मधूनच उचलले जावे, अशी ती योजना असते. टाकीच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांशावर आडवी भिंत घालून तिचे दोन कप्पे करतात, म्हणजे पहिल्या कप्प्यातून निसटलेला गाळ दुसऱ्यात अडतो. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात. ते त्याचा काही भाग पचवतात, त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असे वायू निघतात आणि हवेच्या उभ्या पाइपातून वर जातात. या साऱ्याला शांतता आणि वेळ लागतो. आलेले पाणी निदान एक-दोन दिवस टाकीत थांबले तरच गाळ खाली बसतो. थांबण्यासाठी जागा उरली नाही, तर टाकी म्हणजे वाटेतले एक मोठे चेंबर, दुसरे काही नाही.

जागा कशी संपते, ते साध्या गणिताने कळते. जिवाणूंनी पचवून झाल्यावरही माणशी वर्षाला साधारण ४० ते ७० लिटर गाळ मागे उरतो. पाच माणसांच्या घरात तो वर्षाला २०० ते ३५० लिटर होतो, तीन वर्षांत ६०० ते १,०५० लिटर. आता भारतीय मानक ब्युरोची 'आयएस २४७०' ही संहिता पाहा. पाच माणसांसाठी ती आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली मीटरभर, एवढी टाकी सुचवते. तिच्यात मावते सुमारे १,१०० ते १,२०० लिटर. म्हणजे तीन वर्षांत निम्म्यापासून जवळजवळ सगळ्या टाकीपर्यंत जागा गाळाने व्यापलेली असते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी ही शिफारस कुणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेली नाही, ती या बेरजेतून आली आहे. आणि सर्व काही उत्तम चालले असतानाही सेप्टिक टँक पाण्यातली सेंद्रिय घाण फार तर ३० ते ५० टक्के कमी करते, हेही लक्षात ठेवायला हवे. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते शुद्ध करण्याचे उरलेले काम मातीचे, म्हणजे शोषखड्ड्याचे. टाकीने गाळ अडवायचा आणि मातीने पाणी गाळायचे, अशी ही दोघांची वाटणी आहे. एकाने काम सोडले की दुसऱ्यावर ते पडते आणि मातीला गाळ पचत नाही.

टाकी उपसली नाही तर पहिला बळी जातो तो या शोषखड्ड्याचा. मधल्या पाण्याची जागा आकसत गेली की येणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो, बसलेला गाळ ढवळून निघतो आणि बारीक कणांच्या रूपाने पुढे वाहू लागतो. हे कण शोषखड्ड्यातल्या विटांच्या तुकड्यांमध्ये आणि भोवतालच्या मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात. चिकट काळा थर धरतो आणि माती पाणी पिणे थांबवते. टाकी उपसता येते. तुंबलेली माती उपसता येत नाही. तिथे नवा खड्डाच खणावा लागतो आणि तोही नव्या जागी. दाटीवाटीच्या प्लॉटवर ही नवी जागा आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राची जमीन या बाबतीत फारशी उदारही नाही. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि पाणी आत घेत नाही. तिच्याखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, आणि त्याच्या भेगांतून जाणारे पाणी गाळले न जाता थेट पुढे जाते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे उलटे: तो सच्छिद्र, पाणी झरझर पिणारा. त्यामुळे शोषखड्डा तुंबल्याची तक्रार तिथे उशिरा येते, पण घरची विहीर त्याच जांभ्यात, त्याच परड्यात असते. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान १८ मीटर दूर असावा असे संहिता सांगते. शेजाऱ्याची विहीर आपल्या कुंपणापासून किती अंतरावर आहे, हे मोजून खड्डा खणणारे किती असतील? पावसाळ्यात भूजल वर चढते, शोषखड्डा खालूनच पाण्यात बुडतो आणि मग गाळायला मातीचा कोरडा थर उरत नाही. पावसाळ्यात जुलाब आणि कावीळ का वाढतात, याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक आपल्या परसात पुरलेले असू शकते.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो. "घर बांधून वीस वर्षे झाली, एकदाही टाकी उघडली नाही, तरी काही अडले नाही." हा अनुभव खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. वीस वर्षांचा गाळ कुठेतरी गेला आहे, आणि तो जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. एक तर टाकीचा बाहेरचा पाइप शोषखड्ड्यात न जाता रस्त्याकडेच्या उघड्या गटाराला जोडलेला असतो; मग टाकीत गाळ साचो न साचो, घरात पाणी मागे येण्याचे कारणच नाही. आपल्या छोट्या शहरांत ही सर्वांत सर्रास दिसणारी व्यवस्था आहे. दुसरी शक्यता अशी की टाकीला तळच नाही. गवंड्याने कडेच्या भिंती बांधल्या आणि तळाला काँक्रीट न घालता दगडगोटे टाकले, किंवा भिंतीत मुद्दाम भोके ठेवली. अशी टाकी 'कधीच भरत नाही' म्हणून ती बांधणाऱ्याचे कौतुकही होते. तिसरी शक्यता म्हणजे टाकी गरजेपेक्षा फार मोठी आहे आणि घरात माणसे दोनच राहिली आहेत. पहिल्या दोन प्रकारांत अडचण सुटलेली नाही, ती फक्त आपल्या उंबऱ्याबाहेर गेली आहे: गटाराच्या काठी खेळणाऱ्या मुलांकडे, खालच्या आळीतल्या बोअरवेलकडे, गावाच्या नदीकडे. ज्याला त्रास होतो तो आणि ज्याची टाकी आहे तो, ही दोन वेगळी माणसे असतात, म्हणूनच मालकाला 'काही अडत नाही'.

तिसरा प्रकार मात्र खरा आक्षेप आहे आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे. आपल्याकडे अनेक टाक्या संहितेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठ्या बांधतात. "एकदाच काय तो खर्च, पुन्हा बघायला नको" असा विचार त्यामागे असतो. अशा टाकीला तीन वर्षांचा नियम कडक वाटेल, हे मान्य. तिथे मोजून ठरवावे. मोजणे अवघड नाही. टाकीपेक्षा उंच असा बांबू घ्यावा, त्याच्या खालच्या मीटर-दीड मीटर भागाला पांढरे जुने टर्किश कापड गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावे. झाकण उघडून वायू जाण्यासाठी बराच वेळ ते तसेच ठेवावे, जवळ विडी-काडी किंवा दिवा नको आणि तोंडावर वाकायचे तर मुळीच नाही. मग कडेला उभे राहून बांबू सरळ तळापर्यंत सोडावा, दोन-चार मिनिटे थांबावे आणि हळूच वर काढावा. वरच्या भागातले कापड नुसते ओले, राखट दिसते. जिथून गाळ सुरू होतो तिथून खाली ते काळेभोर, दाट बरबटलेले असते. त्या काळ्या पट्ट्याची उंची मोजली की गाळाची जाडी कळली. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आली असेल तर टँकर बोलवायची वेळ झाली. नसेल तर ते माप लिहून ठेवावे आणि वर्षाने पुन्हा पाहावे. बांबू आणि कापड स्वतंत्र ठेवावे, हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नकोच. मोठी टाकी असली तर तारीख पुढे जाते. ती रद्द होत नाही.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो. जिवाणूंची पूड, द्रावण, गोळ्या: महिन्याला एक पुडी संडासात टाका आणि टाकी उपसण्याची कटकट विसरा, असे सांगणारी पाकिटे हार्डवेअरच्या दुकानापासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे मिळतात. काही घरांत यासाठी यीस्ट किंवा गूळही टाकतात. नव्या टाकीत काम लवकर सुरू व्हावे म्हणून चालू टाकीतला थोडा गाळ किंवा शेणकाला घालण्याची पद्धत आहे, त्यामागे तर्क आहे. पण चालू टाकीत जिवाणूंची वाण कधी नसते. घरातला प्रत्येक माणूस रोज त्यांचा ताजा पुरवठा करतच असतो. शिवाय गाळात जे साचते त्यात न पचणारे बरेच असते: वाळू, माती, केस, धागे, अन्नातला कठीण चोथा. कुठलाही जिवाणू वाळू खात नाही. उलट एखाद्या रसायनाने बसलेला गाळ सुटा होऊन पाण्यात तरंगू लागला, तर टाकी हलकी झाल्यासारखी वाटते खरी, पण तो गाळ शोषखड्ड्यात जाऊन बसलेला असतो. पुडीचे पैसे वाचवून उपसण्यासाठी साठवावेत, हे अधिक शहाणपणाचे.

आत काय जाते यावर मात्र आपला ताबा आहे आणि तिथे थोडी शिस्त बरेच काम करते. सॅनिटरी पॅड, डायपर, निरोध, कापसाचे बोळे, ओले वाइप्स, प्लास्टिक यांतले काहीही टाकीत कुजत नाही. ते सायीत अडकून पाइप बंद करते आणि पुढे सक्शनच्या नळीतही अडते. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतले आणि ती मोरी टाकीला जोडलेली असेल, तर साय दगडासारखी घट्ट होते. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत सोडणे ही तर सरळ चूक, कारण एका जोरदार सरीत दोन वर्षांचा बसलेला गाळ ढवळून बाहेर जातो. वॉशिंग मशीनचे पाणीही एकदम मोठ्या लोंढ्याने येते, म्हणून त्याची वाट वेगळी असलेली बरी. संडास धुण्याच्या ॲसिडबद्दल लोकांना फार भीती असते. आठवड्याला थोडे वापरल्याने हजार लिटरच्या टाकीतले जिवाणू मरत नाहीत; पण चकचकीतपणाच्या हौसेने बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या तर पचनाचे काम काही दिवस मंदावते. शिस्तीने गाळ हळू वाढतो, एवढाच याचा अर्थ. उपसण्याची गरज तिने संपत नाही.

या सगळ्यापेक्षा जड असे एक कारण तारखेच्या बाजूने आहे आणि ते माणसाच्या जिवाचे आहे. वेळेवर उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो. सक्शन टँकरची नळी वरून सोडली की तो पंपाने ओढला जातो आणि कुणाला आत उतरावे लागत नाही. दहा-पंधरा वर्षे तसाच राहिलेला गाळ तळाशी दाबला जाऊन घट्ट बसतो. पंप वरचे पाणी ओढून घेतो आणि तळाला चिखल उरतो. त्यात मालकाचे घर तुंबलेले, पाहुणे यायचे, घाई झालेली. मग "थोडेसेच राहिले आहे, आत उतरून काढून दे" हे वाक्य उच्चारले जाते. ते कोणाला उद्देशून उच्चारले जाते, हे आपल्या समाजात वेगळे सांगावे लागत नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड फसवा असतो. थोडा असताना त्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. गाळ ढवळताच तो आणखी सुटतो. आत प्राणवायूही पुरेसा नसतो. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एका टाकीत दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३७७ माणसे मृत्युमुखी पडली.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरवला आहे आणि तो फक्त नगरपालिकेला किंवा ठेकेदाराला लागू नाही, 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहे, म्हणजे घरमालकालाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. पण कायदा अपघातानंतर हाती येतो. अपघाताआधीचा उपाय गाळ घट्ट होऊ न देणे हाच आहे. तारखेला आलेल्या टँकरला माणूस आत पाठवण्याची गरजच पडत नाही, आणि जी गरज पडत नाही ती कुणाच्या नाइलाजावर भागवावीही लागत नाही.

इथे एक नेमका आणि बोचरा प्रश्न विचारला जातो: "आम्ही उपसून घेतो, पण टँकरवाला ते ओततो कुठे?" हा आक्षेप टाळता येणार नाही. उपसलेला मैला रात्री ओढ्यात, नाल्यात किंवा गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर सोडला जात असेल, तर आपण दहा वर्षांचा रोग एका रात्रीत नदीला दिला असे होईल. पण यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून उपसूच नये' असा नाही, कारण न उपसलेला मैलाही अखेर त्याच नदीत जातो, हळूहळू आणि कुणाला न दिसता. निष्कर्ष असा की उपसण्याची आणि प्रक्रियेची सोय एकत्र हवी, आणि ती करता येते हे महाराष्ट्रातल्याच दोन गावांनी दाखवून दिले आहे. कृष्णाकाठचे वाई आपल्याला ढोल्या गणपतीसाठी आणि मराठी विश्वकोशासाठी माहीत आहे. त्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८ पासून ठरल्या वेळी टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली. गावाचे भाग पाडायचे आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी टँकर जाईल असे वेळापत्रक लावायचे, मालकाने बोलावण्याची वाट पाहायची नाही. दोन्ही गावांनी मैलागाळावर प्रक्रिया करणारी केंद्रेही उभी केली. वाईत उपशाच्या वेळी घरमालकाकडून एकरकमी पैसे घेण्याऐवजी खर्च वार्षिक करातून भागवण्याची वाट निवडली गेली. त्याआधी तिथेही लोक आठ-दहा वर्षांतून एकदा, तक्रार आली की टँकर बोलावत. लोकांची सवय बदलली नाही, व्यवस्थेने सवयीवर अवलंबून राहणे सोडले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरणही आणले आहे. आपल्या नगरपरिषदेला विचारण्याचे दोन प्रश्न त्यामुळे ठरलेले आहेत: टँकर कधी येणार, आणि तो कुठे रिकामा होणार?

मैल्याकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८९५ च्या सुमारास इंग्लंडात एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी या टाकीला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करणारे साधे संडास घडवले आणि ते स्वतः साफ करून दाखवले. देहूच्या डॉ. सुहास मापुस्करांनी संडासाला बायोगॅस जोडण्याचे काम आयुष्यभर केले; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या परंपरेचे सांगणे असे की मैला नाहीसा होत नाही, त्याचे काहीतरी करावेच लागते. ज्या गावात टँकर पोहोचत नाही आणि जमीन पाणी शोषते, तिथे दोन खड्ड्यांचा संडास सेप्टिक टँकपेक्षा उजवा ठरतो. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. तरीही खेड्यांत सेप्टिक टँकच 'पक्की' मानली जाते, कारण ती मोठी असते आणि पुन्हा उघडावी लागत नाही असे वाटते. पुन्हा तोच गैरसमज.

शेवटचा आक्षेप पैशाचा. टँकरला काही हजार रुपये लागतात, आणि ज्याचा त्रास दिसत नाही त्यावर खर्च करणे जिवावर येते. पण तुलना कशाशी करायची? टँकर तीन वर्षांतून एकदा येतो. न उपसलेल्या टाकीचे बिल येते तेव्हा त्यात नवा शोषखड्डा असतो, फोडलेली फरशी असते, कधी नवी टाकीही असते. फरशीचा उल्लेख सहज केलेला नाही. अनेक बंगल्यांत टाकीचे झाकण पोर्चच्या टाइल्सखाली किंवा बागेच्या मातीखाली गाडलेले असते आणि नव्या मालकाला ते कुठे आहे हेच ठाऊक नसते. पहिले काम ते शोधून मोकळे करण्याचे. झाकण वर आणावे, ते जड आणि घट्ट बसणारे असावे, कारण सैल झाकणावरून टाकीत पडलेल्या मुलांच्या बातम्याही येतात. टँकर डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत बोलवावा. भर पावसाळ्यात टाकी रिकामी केली तर भूजलाच्या दाबाने हलकी प्लास्टिकची टाकी उचलली जाऊ शकते. नळी दोन्ही कप्प्यांत घालायला सांगावी, एकाच कप्प्यावर समाधान मानू नये. टाकी घासूनपुसून स्वच्छ करायची नाही, तळाशी थोडा गाळ विरजणासारखा राहू द्यायचा आणि मग पाणी भरून ठेवायचे. आत माणूस उतरवायचा प्रस्ताव आला तर काम तिथेच थांबवायचे. टँकर माहीत नसेल तर नगरपरिषदेत चौकशी करावी; गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

शाळेच्या, सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर ऑइलपेंटने दोन ओळी रंगवलेल्या असतात: टाकी धुतल्याचा दिनांक आणि टाकी धुण्याचा पुढील दिनांक. वरची टाकी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसली तरी ती तारखेलाच धुवायची, हे आपण कधीच मान्य केले आहे. त्याच दोन ओळी परसातल्या त्या झाकणावरही रंगवाव्यात. मागची तारीख आठवत नसेल, तर पुढची तारीख याच उन्हाळ्यातली धरावी.